वाचक विचारतात : जुन्या मालिकांतील शववाहिका ओळखाव्या कशा?

गेल्या अंकात जुन्या मोटारींविषयीच्या एका उत्तरात, १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ या चित्रपटातील भुते पकडणाऱ्यांची पांढरी गाडी ही मुळात शववाहिका होती, असे मी लिहिले होते. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. एका पत्रात माझी चूक दाखवून दिली आहे आणि बाकीच्यांत शववाहिकांविषयीच प्रश्न विचारले आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही घरी साठच्या दशकातली एक कृष्णधवल अमेरिकन मालिका पाहात होतो. दफनभूमीच्या प्रसंगात मागे उंच पंख असलेली एक लांबलचक शववाहिका आली. वडील म्हणाले, ही कॅडिलॅक. भावाने मात्र कुठेतरी वाचले होते की अशा गाड्या मिलर-मीटिऑर नावाची कंपनी बनवीत असे. खरे कोणाचे? आणि पडद्यावर पाहून गाडीचे वर्ष सांगता येते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोघांचेही खरे आहे. नुसता सांगाडा, त्यावर पुढे इंजिन आणि चाक धरून उघड्यावर बसलेला चालक, अशी चासी रस्त्याने जाताना आपण नक्कीच पाहिली असेल. ती चासी टाटांची असली, तरी तिच्यावर पत्रा, खिडक्या आणि आसने चढून तिची बस होते ती दुसऱ्याच कारखान्यात. आपल्या सत्तरी तालुक्यात ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवाच्या कारखान्यात हेच काम चालते. बसच्या तोंडावर नाव टाटांचे असते आणि अंग सत्तरीत घडलेले असते. अमेरिकेतील शववाहिकांची गोष्ट अगदी अशीच आहे. कॅडिलॅक कंपनी शववाहिका व रुग्णवाहिका यांच्यासाठी मुद्दाम लांब आणि भक्कम केलेली चासी तयार करून विकत असे. १९५९ च्या साध्या कॅडिलॅक सेडानच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर १३० इंच होते, तर त्याच वर्षीच्या या खास चासीचे १५६ इंच. बॉनेट, ग्रिल, पुढची मडगार्डे आणि दिवे कॅडिलॅकचे असत. पुढच्या काचेमागचे छत, खांब, दरवाजे, पडद्यांच्या खिडक्या आणि शवपेटी सरकविण्याचे रोलर हे सगळे बॉडी बांधणारा कारखाना तयार करीत असे.

म्हणून गाडीचा चेहरा पाहिला की चासीचा कारखाना आणि वर्ष कळते, आणि काचेमागची बॉडी पाहिली की ती बांधणाऱ्याचे नाव कळते. लेकीचे माहेर आणि सासर अशी दोन घरे असतात, तशी या गाडीची दोन घरे आहेत, आणि फक्त ‘कॅडिलॅक शववाहिका’ असे लिहून थांबणे म्हणजे माहेरचेच नाव सांगून गप्प बसण्यासारखे आहे. ओहायो राज्यातील पिक्वा, लायमा, सिनसिनाटी या गावांतल्या सुतारांनी, पत्रा ठोकणाऱ्यांनी आणि गादीकाम करणाऱ्यांनी या गाड्या हाताने घडवल्या आणि त्यांची नावे चित्रांखालच्या ओळींतून सर्रास गळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता वर्षाविषयी. कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर पंख पहिल्यांदा आले ते १९४८ मध्ये, आणि कारखान्याच्या लांब लिमोझिनवर १९५० मध्ये. १९५४ पासून पुढची काच दोन्ही बाजूंना वळून पार दरवाजापर्यंत येऊ लागली आणि ही ठेवण १९६० पर्यंत टिकली. १९५७ च्या गाडीला पुढे दोन दिवे आहेत, तर १९५८ च्या गाडीला चार. हा फरक धूसर चित्रातही दिसतो, त्यामुळे मी सर्वात आधी दिवे मोजतो. १९५९ चे पंख सर्वात उंच आहेत आणि प्रत्येक पंखाच्या मध्यावर बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार दोन तांबडे दिवे आहेत. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. १९६० मध्ये पंख खाली आले, १९६१ आणि १९६२ मध्ये वरच्या पंखांच्या जोडीला खालच्या अंगालाही पंखासारखी धार आली, आणि १९६४ हे पंखांचे शेवटचे वर्ष ठरले. पुढचे दिवे आडवे नसून एकावर एक असतील, तर चासी १९६५ ते १९६८ या काळातली समजावी. मात्र कारखान्याच्या स्वतःच्या लांब लिमोझिनने हा बदल एक वर्ष उशिरा स्वीकारला, हे ध्यानात ठेवावे. १९६९ मध्ये दिवे पुन्हा आडवे झाले. १९७७ मध्ये सगळी गाडीच आखूड झाली, त्यामुळे पडद्यावरची शववाहिका आपल्याला बेताच्या लांबीची वाटली तर ती बहुधा त्यानंतरची असते.

आपल्या पत्रात पंख ‘उंच’ असल्याचे लिहिले आहे. मागून दिसणाऱ्या एखाद्या दृश्यात त्या जोडदिव्यांचा शोध घ्या. ते सापडले तर गाडी १९५९ ची आहे.

बॉडी कोणाची, हे ठरवणे अधिक कठीण आहे. मिलर-मीटिऑर हे नाव १९५७ च्या सुमारास पुढे आले, कारण त्याच्या आदल्या वर्षी ए. जे. मिलर आणि मीटिऑर हे ओहायोतील दोन जुने कारखाने एकाच मालकाकडे जाऊन एकत्र झाले. तेव्हा १९५५ च्या गाडीला कोणी मिलर-मीटिऑर म्हणू लागले तर आपण खुशाल नाही म्हणावे. लायमा गावचा सुपीरियर, सिनसिनाटीचा सेयर्स अँड स्कोव्हिल आणि इलिनॉय राज्यातला युरेका हे याच काळातले इतर मोठे कारखाने होत. सुपीरियरच्या शाळेच्या बसही प्रसिद्ध होत्या. बस आणि शववाहिका यांचे नाते तिकडेही आहे. चित्र थांबवून छताची मागची उतरण, बाजूच्या काचा किती आणि त्यांच्यामधले खांब सरळ की तिरके, मागचा दरवाजा कोणत्या बाजूने उघडतो, या गोष्टी टिपून घ्याव्यात आणि त्या वर्षीच्या कारखान्यांच्या विक्रीपुस्तिकांतील चित्रांशी ताडून पाहाव्यात. काही गाड्यांत शवपेटी मागूनच नव्हे तर दोन्ही बाजूंनीही काढता येत असे आणि त्यासाठी पेटी ठेवण्याची चौकट फिरवून दरवाजातून बाहेर सरकवीत. अशा गाड्यांचे मागचे बाजूचे दरवाजे बरेचदा उलट्या दिशेने उघडतात. एखाद्या प्रसंगात दरवाजा उघडताना दिसला तर ही खूण फार मोलाची ठरते.

अजून एक सावधगिरी. मालिकेचे वर्ष म्हणजे गाडीचे वर्ष नव्हे. मालिकेसाठी गाडी भाड्याने आणताना ती पाच-दहा वर्षे जुनी असणे काही विशेष नव्हते. गाडीवरून एवढेच ठामपणे सांगता येते की दृश्याचे चित्रीकरण गाडी बाजारात येण्याच्या आधीचे नाही.

प्रश्न : बऱ्याच शववाहिकांच्या मागच्या अंगावर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी चकचकीत धातूची पट्टी असते. ती कशासाठी?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आज ती केवळ शोभेसाठी असते. पूर्वी लँडो नावाची घोडागाडी असे. तिचे कातडी छप्पर दुमडता येई आणि ते उभारलेले असताना ताणून धरण्यासाठी बाजूला वळणदार लोखंडी दांड्या बसवलेल्या असत. शववाहिकेचे छत पोलादी असते आणि ते कधीच दुमडत नाही. पण जुन्या घोडागाडीची प्रतिष्ठा गाडीला यावी म्हणून ती दांडी पट्टीच्या रूपाने टिकली. बाणावलीच्या गोवा चक्र संग्रहालयात जुन्या गाड्या आणि पालख्या जवळून पाहायला मिळतात. त्या पाहिल्या की मोटारीच्या अंगावरचे कितीतरी दागिने घोड्यांच्या काळातून चालत आलेले आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ओळख पटवण्यासाठी या पट्टीचा उपयोग असा, की मागचे अंग बंद असून त्यावर ही पट्टी असेल तर तिला लँडो धाटणी म्हणतात, आणि शेवटपर्यंत काचा असून आत पडदे असतील तर ती लिमोझिन धाटणी. सेयर्स अँड स्कोव्हिलची ‘व्हिक्टोरिया’ ही लँडो धाटणीची गाडी १९३८ पासून प्रसिद्ध आहे. याच दशकातील काही गाड्यांच्या बाजूंवर खिडक्यांच्या जागी लाकडात कोरलेले पडदे दिसतात. चुण्या, झालर, गोंडे, सगळे कोरीव. कृष्णधवल चित्रात ते खऱ्या कापडाचेच भासतात, म्हणून गाडी धावत असताना पडदा हलतो का, ते पाहावे.

प्रश्न : गेल्या अंकातील उत्तरात दुरुस्ती हवी. ‘घोस्टबस्टर्स’मधील गाडी निव्वळ शववाहिका नव्हती. त्याच अनुषंगाने विचारतो, केनेडी यांच्या हत्येच्या जुन्या वार्तापटांत रुग्णालयाबाहेर एक पांढरी आणि रात्री विमानतळावर एक करडी, अशा दोन लांब गाड्या दिसतात. त्या दोन्ही रुग्णवाहिका होत्या का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपली दुरुस्ती मान्य आहे आणि तिच्याबद्दल मी आभारी आहे. ती गाडी म्हणजे १९५९ च्या कॅडिलॅक चासीवरची मिलर-मीटिऑर कारखान्याची ‘फ्युच्युरा ड्युप्लेक्स’. ड्युप्लेक्स म्हणजे दुहेरी कामाची. अमेरिकेतील लहान गावांत रुग्णवाहिका चालवण्याचे काम बहुधा अंत्यसंस्कार करणाऱ्या पेढ्यांकडेच असे, कारण माणसाला आडवे झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्यांच्याचकडे असायची. दोन गाड्या परवडत नसत, म्हणून एकच गाडी दोन्ही कामांना वापरत. जमिनीच्या फळ्या उलटल्या की एका बाजूला शवपेटीचे रोलर आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाच्या खाटेसाठी सपाट पृष्ठभाग मिळे. परिचारकाचे आसन घडी घालून ठेवता येई. छतावरचा दिवा काढता-घालता येई. आपल्याला आज हे विचित्र वाटेल, परंतु सत्तरच्या दशकापर्यंत तिकडे हा रोजचा व्यवहार होता. १९७४ मध्ये रुग्णवाहिकांसाठी अमेरिकी केंद्र सरकारची नवी मानके आली, ती मोटारीच्या चासीवर पुरी करणे अवघड होते आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा गाड्या बनणे थांबले. मिलर-मीटिऑरचा मूळ कारखानाही १९७९ मध्ये बंद झाला.

आता केनेडींविषयी. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातून शवपेटी विमानतळावर नेणारी पांढरी गाडी ही खरी शववाहिका होती. ती मिलर-मीटिऑरची कॅडिलॅक, आणि वर्ष १९६४. हत्या १९६३ ची असताना गाडी १९६४ ची कशी, असा प्रश्न आपल्याला पडेल. अमेरिकेत पुढच्या वर्षाच्या मोटारी आदल्या शरद ऋतूतच बाजारात येत, म्हणून गाडीचे वर्ष आणि दिनदर्शिकेचे वर्ष यांत असा काही महिन्यांचा फरक पडतो. ओळख पटवताना अनेक जण इथेच ठेचकाळतात. पुढे जानेवारी २०१२ मध्ये ही गाडी लिलावात १,६०,००० डॉलरना विकली गेली. शववाहिका काळीच असते हा आपला समजही या गाडीने खोटा ठरतो. पांढऱ्या, करड्या, निळ्या अशा कितीतरी बनल्या आणि कृष्णधवल चित्रात रंगावर विसंबून काहीच ठरवू नये.

त्याच रात्री वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज विमानतळावर दिसणारी करडी गाडी मात्र नौदलाची रुग्णवाहिका होती, १९६३ ची पाँटियाक बॉनव्हिल. पाँटियाकचे ग्रिल मधोमध दुभागलेले असते, त्यावरून ती लगेच वेगळी काढता येते.

याच दिवसाशी जोडलेली आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. केनेडी ज्या उघड्या लिंकन कॉन्टिनेन्टलमध्ये बसले होते, ती १९६१ ची गाडी राष्ट्राध्यक्षांसाठी लांबवून तयार केली होती सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कारखान्याने. सेयर्स अँड स्कोव्हिल या नावाने शववाहिका बांधणारा कारखाना १९४२ पासून याच मंडळींकडे होता.

प्रश्न : राक्षसांच्या कुटुंबावरच्या एका जुन्या विनोदी मालिकेत ते कुटुंब शववाहिकेसारखी लांब काळी गाडी वापरते. ती कोणत्या कंपनीची?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : आपण ‘द मन्स्टर्स’ या १९६४ ते १९६६ मधल्या मालिकेविषयी विचारीत असाल, तर ती गाडी कोणत्याही कंपनीची शववाहिका नाही. जॉर्ज बॅरिस यांच्या कार्यशाळेत फोर्ड मॉडेल टीच्या तीन बॉडी जोडून ती मालिकेसाठीच तयार करण्यात आली. तिची लांबी सुमारे १८ फूट होती.

प्रश्न : ब्रिटिश मालिकांतील प्रत्येक शववाहिका मला रोल्स-रॉइसच वाटते. फरक कसा ओळखावा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्यासारखीच अनेकांची समजूत होते आणि त्याला कारण आहे. ऑस्टिन कंपनीने १९४७ ते १९५४ या काळात शीअरलाइन नावाची मोटार काढली, तिची ठेवण मुद्दाम श्रीमंती थाटाची होती आणि लांब चासीवर तिच्या शववाहिकाही झाल्या. पुढे ताटाएवढे मोठे, सुटे उभे असलेले दोन दिवे दिसले की प्रथम शीअरलाइन मनात आणावी. ऑस्टिनचीच प्रिन्सेस ही अधिक गोलाईदार असून तिचे दिवे मडगार्डात बसलेले असतात. डायम्लर ओळखण्याची खूण सर्वात सोपी : ग्रिलच्या वरच्या कडेवर लाटांसारख्या उभ्या खाचा असतात. १९६८ पासून १९९२ पर्यंत बनलेल्या डायम्लर डीएस ४२० च्या चासीवर ब्रिटनमधील असंख्य शववाहिका बांधल्या गेल्या. तिचे इंजिन जॅग्वारचे, ४.२ लिटरचे. सप्टेंबर १९९७ मध्ये राजकुमारी डायना यांची शवपेटी लंडनहून ऑलथॉर्पला नेणारी, वाटेत लोकांनी टाकलेल्या फुलांनी भरलेली गाडीही डायम्लरच होती.

खऱ्या रोल्स-रॉइसचे ग्रिल ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखे असते : सपाट, कडा धारदार, वर त्रिकोणी उतार. तरीही तिचे वर्ष ठरवताना घाई करू नये. तीसच्या दशकात एखाद्या धनिकाने घेतलेली मोटार वीस वर्षांनी विकली जाई, अंत्यसंस्काराच्या पेढ्या तिची जुनी बॉडी उतरवून शववाहिकेची नवी बॉडी चढवीत, कारण चासी आणि इंजिन अजून दणकट असे. त्यामुळे पुढचा भाग १९३० च्या आसपासचा आणि मागचा पन्नाशीतला अशा गाड्या पडद्यावर येतात. जवळून घेतलेले रंगीत दृश्य असेल तर ग्रिलवरची दोन ‘आर’ अक्षरे पाहावीत. ती तांबडी असली तर गाडी बहुधा १९३३ पूर्वीची असते. त्या वर्षी ती अक्षरे काळी झाली.

प्रश्न : एका जपानी मालिकेत मोटारीवर चक्क सोनेरी देऊळ ठेवलेले पाहिले. हा चित्रीकरणासाठी केलेला देखावा होता का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही, ती खरी शववाहिका होती. तिला जपानीत मियागाता म्हणतात, म्हणजे देवळाच्या धाटणीची. टोयोटा क्राउन, कॅडिलॅक किंवा लिंकन अशा मोठ्या मोटारीचे मागचे अंग काढून तिथे कोरीव लाकडाचे, लाखेचे आणि सोन्याच्या वर्खाचे देऊळ उभारीत. अशी गाडी जाताना जपानी मुले अंगठा मुठीत लपवतात, कारण तिकडे अंगठ्याला ‘आईबापांचे बोट’ म्हणतात आणि ते झाकले की आईवडील सुरक्षित राहतात, अशी समजूत आहे. हे वाचल्यापासून मालिकेतील अशा प्रसंगात मी गाडीआधी मुलांच्या हातांकडे पाहतो. गेल्या काही दशकांत या गाड्या फार कमी झाल्या आहेत. स्मशानभूमीजवळच्या वस्त्यांना त्या दारावरून जाणे नकोसे वाटते, हे त्याचे एक कारण आहे.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या परदेशी मित्राने पाठवलेला अंत्ययात्रेचा एक जुना फोटो आहे. कायशांव (शवपेटी) आत ठेवताना लांब काळी गाडी बाजूने दिसते. ग्रिल चित्रात नाही. पुढच्या मडगार्डावर एका ओळीत चार गोल भोके आहेत. एवढ्यावरून काही सांगता येईल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बरेच सांगता येईल. मडगार्डावरची ती भोके ही ब्युइकची खूण असून ती १९४९ च्या गाड्यांपासून सुरू झाली. १९४९ ते १९५४ या काळात तीन भोके लहान ब्युइकना आणि चार भोके सर्वात मोठ्या रोडमास्टरला असत. १९५५ पासून इतर ब्युइकनाही चार भोके मिळाली. म्हणजे आपल्या फोटोतली गाडी १९४९ च्या आधीच्या वर्षाची असू शकत नाही. ओहायोतील लाउडनव्हिल गावचा फ्लेक्सिबल हा बस बांधणारा कारखाना ब्युइकच्या चासीवर शववाहिका बांधत असे, मात्र बाहेरदेशी अनेकदा स्थानिक कार्यशाळाही साधी मोटार कापून-लांबवून शववाहिका तयार करीत, तेव्हा बॉडी फ्लेक्सिबलची असल्याचे मी आत्ताच म्हणणार नाही. फोटो भिंगाखाली धरून दोन गोष्टी पाहाव्यात. मागच्या दरवाजाच्या खाली किंवा उंबऱ्याच्या पट्टीवर बॉडी बांधणाऱ्याची लहान नावपट्टी असते, ती वाचता येते का? आणि पुढची काच मध्ये दांडी असलेली दोन तुकड्यांची आहे, की सलग आहे? हे कळवलेत, आणि जमल्यास फोटोच्या मागे लिहिलेला मजकूर उतरवून पाठवलात, तर पुढच्या अंकात वर्ष आणखी जवळ आणता येईल. मूळ फोटो टपालाने पाठवू नये, त्याची प्रत पाठवावी.